तळ्याच्या चित्रातला हात

११ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र न वाचता फाडायचं तू ठरवलंच असशील तर खुशाल फाड, पण त्याआधी एक प्रश्न वाच. प्रश्न कामाचा आहे, घरातला नाही.

कागद कापायच्या मशीनच्या पात्याखाली हात आहे का ते बघणाऱ्या तुझ्या कार्डाला मेमरीत लिहायची जागा एकदा नेमून दिली, की नंतर ‘बाबा रे, तू सध्या नक्की कुठे लिहितोयस’ असं त्याला उलट विचारता येतं का? माहितीपुस्तकात फक्त जागा सांगायची सोय दिसते. पण ते पुस्तक तू लिहिलंयस, आणि कुठलीही गोष्ट सांगताना तू निम्मी पोटात ठेवतोस हे मी लहानपणापासून बघत आलेय.

कारण सांगते. प्रेसच्या मालकीणबाईंचा फोन आला होता. ज्या कटिंग मशीनवर तिथल्या कामगार काकांची दोन बोटं गेली, तुझ्या कार्डावर ठपका आला आणि ज्याच्यापायी तू एका पिशवीनिशी घर सोडलंस, त्याच मशीनबद्दल. ते पुन्हा सुरू झालंय हे तुला माहीत नसेल. तुझं कार्ड काढून तसलंच दुसरं बसवलं, प्रोग्रामची सुधारित आवृत्ती चढवली, आणि हात बरा झाल्यावर काका त्याच मशीनवर परत रुजू झाले. दुसरं काम त्यांना येत नाही आणि कोणी देतही नाही. आता बाईंची तक्रार अशी, की काकांनी पेडल दाबलं की स्क्रीन क्षणभर थबकतो, मग पुढे सरकतो. “तुमच्या प्रोग्रामला उचकी लागलीय,” म्हणाल्या. “कोण एवढी आठवण काढतंय बघा जरा.”

मी हसले. फोन ठेवला आणि मग विचार करायला लागले, की ही उचकी आधीच्या प्रोग्रामला नव्हती. सुधारलेल्याला कशी लागली?

तुझा पार्टनर परगावी गेलाय, नव्या गिऱ्हाइकाकडे. तो असता तर ही तक्रार माझ्यापर्यंत आलीच नसती. मी आपली मशीन बसवून द्यायची, माणसांना शिकवायचं, चहा प्यायचा आणि निघायचं. आतला प्रोग्राम त्याचा, कार्ड तुझं, आणि मी दोघांच्या मधली, एकाची बहीण आणि दुसऱ्याची बायको.

तुझं ठिकाण आईकडून घेतलं. रविवारी तुझा फोन आला की ती दार लोटून घेते, आणि कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने ओरडून बोलते. त्यामुळे तुझा खोकला, तुझ्या खोलीतला गळका नळ आणि ज्या दुकानात तू दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त करतोस त्याचा खडूस मालक, हे सगळं मला पाठ आहे. तिला वाटतं मला काही कळत नाही.

बाकी इकडे ठीक. उत्तर दोन ओळींचं दे. खुशाली विचारली नाहीस तरी चालेल.

छोटी


१८ फेब्रुवारी

दादा,

उत्तर नाही. आई म्हणते पोस्टाचा घोळ असेल. तुझ्यावर रागवायचं नसलं की ती पोस्टावर रागावते.

मी प्रेसमध्ये जाऊन आले. शाईचा आणि रॉकेलचा तोच वास, भिंतीला टेकवलेले तेच कागदांचे गठ्ठे. काका मशीनपाशी उभे होते. मला बघून त्यांनी डावा हात वर केला. “या बाईसाहेब. आता माझा हिशेब आठापर्यंतच येतो, सांभाळून घ्या.” मी हसावं असं त्यांना वाटत होतं म्हणून हसले. ते गठ्ठा सरकवतात तेव्हा तो हात पात्याखाली जाताना अजून थोडा थबकतो, मग जातो. मी तिकडे बघायचं टाळलं आणि स्क्रीनकडे बघत बसले.

त्या मशीनच्या कॉम्प्युटरवर ऑफिसचंही काम करू नका असं आपण किती वेळा सांगितलं होतं, आठवतंय? अजून करतात. मी होते तेवढ्यात मालकीणबाईंनी कॅलेंडरची चित्रं उघडून गिऱ्हाइकाला दाखवली. मी म्हटलं, बाई, हे नका करू. तर म्हणाल्या, “अहो, त्या दिवशीही हेच केलं होतं. तेव्हा तर तुमचं कार्डच बिघडलं होतं ना?”

कुठला दिवस, मी विचारलं. त्या म्हणाल्या, अपघाताचा.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. त्या दिवशी काका नवीन गठ्ठा आणायला गेले होते, मशीन बराच वेळ नुसतं उभं होतं. बाईंनी एका तळ्याचं भलंमोठं चित्र उघडलं. कॉम्प्युटर घरघरला, चित्र कसंबसं आलं. काका परतले, कामाला लागले. आणि तळ्याच्या पाण्यात एका कोपऱ्यात किडे वळवळायला लागले.

“किडे म्हणजे?”

“ठिपके हो. बारीक, एका ओळीत. काळे व्हायचे, पांढरे व्हायचे, परत काळे. गिऱ्हाईक म्हणालं, छापल्यावर असे डाग येणार का? मी म्हटलं, छे, स्क्रीन जुना झालाय. तेवढ्यात सगळे ठिपके पांढरे झाले आणि काका ओरडले.”

“हे तुम्ही चौकशीत सांगितलं नाहीत?”

“माणसाचा हात गेलाय, आणि मी तळ्यातले किडे सांगत बसू?” त्या माझ्यावर चिडल्याच. बरोबर आहे त्यांचं.

दादा, घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात सगळं जुळलं होतं. तू नेहमी म्हणायचास, सॉफ्टवेअर तुमचं तुम्ही बघा. आज तू बघ. जुन्या सिस्टिममध्ये प्रोग्रामला जो आकडा माहीत असायचा तीच मेमरीतली खरी जागा असायची. तो आकडा कार्डाला दिला की झालं. आपली सगळी जुनी मशीनं तशीच चालली, कधी कुरकुर नाही. प्रेसच्या कॉम्प्युटरवर नवी सिस्टिम आहे, तिच्यात प्रोग्रामला खरी जागा कळतच नाही. स्टेशनवर सामान ठेवायच्या खोलीत देतात तसं नुसतं टोकन मिळतं. बॅग कुठल्या फळीवर आहे ते आतल्या माणसाला माहीत. गर्दी झाली की तो तुझी बॅग उचलून मागे टाकतो, तू मागितलीस की आणून दुसऱ्याच फळीवर ठेवतो. टोकन दाखवणाऱ्याला फरक पडत नाही, त्याला बॅग मिळते.

पण तुझं कार्ड टोकन मानत नाही. ते सरळ फळीपाशी जाऊन ‘हात आहे’, ‘हात नाही’ अशी चिठ्ठी ठेवून येतं. म्हणून त्याला खरी फळी सांगावी लागते. प्रोग्रामने सुरू होताना आतल्या माणसाला ती एकदा विचारली. त्याने खरं तेच सांगितलं. मशीन उभं राहिलं, तळ्याचं चित्र आलं, गर्दी झाली, बॅग मागे गेली. काका आल्यावर ती परत आली, पण दुसऱ्या फळीवर. जुन्या फळीवर आता तळ्याचा एक तुकडा होता.

काकांचा हात पात्याखाली होता, हे तुझ्या कार्डाला दिसलं होतं. ते पुन्हा पुन्हा सांगत होतं. फक्त ते तळ्यात सांगत होतं. प्रोग्राम आपल्या बॅगेत बघत होता आणि तिथे जुनीच चिठ्ठी होती, ‘हात नाही’. म्हणून पातं खाली आलं.

मी हे लिहिलं आणि पुन्हा वाचून बघितलं. दुसरं काही निघत नाही.

तो भाग कोणी लिहिला हे तुला सांगायला नको. पण त्याला हे ठाऊक नसणार. चूक कुणाचीही होते, आणि ही चूक तर जुन्या सिस्टिमवर हात बसलेल्या माणसाकडूनच व्हायची. तो परवा येतोय. मी शांतपणे सांगेन. त्याला धक्का बसेल, आणि मग तो आपणहून तुला फोन करेल. तुमची दोस्ती काय आजची आहे का?

छोटी


२३ फेब्रुवारी

दादा,

उचकीचं कारण सापडलं.

तो यायच्या आधी मी सुधारित आवृत्ती उघडून वाचली. मला सगळं कळत नाही, पण एवढं कळायला वेळ लागला नाही. आधीचा प्रोग्राम खरी जागा सुरुवातीला एकदाच विचारायचा. हा प्रत्येक वेळी विचारतो. पेडल दाबलं की आधी सिस्टिमला विचारतो, आपली फळी आता कुठली? मग ती कार्डाला कळवतो, मग चिठ्ठी वाचतो, मग पातं. त्या विचारण्यात जो क्षण जातो तीच बाईंची उचकी.

जागा बदलते हे माहीत असल्याशिवाय कोणी ती पुन्हा पुन्हा विचारत नाही.

मी हे वाक्य लिहून तीनदा खोडलं. मग म्हटलं राहू दे.

आणि हेही अर्धवटच आहे. प्रोग्रामने विचारलं आणि त्याला उत्तर मिळालं, एवढ्याच क्षणापुरतं ते उत्तर खरं. विचारणं आणि पातं खाली येणं यांच्या मधे बॅग हलली तर? रोज हलणार नाही, महिन्यातून एकदाही हलणार नाही कदाचित. पण तो एकदाचा दिवस आला की काकांचा उरलेला हात तिथे असेल. खरा उपाय एकच, सिस्टिमला सांगायचं की ही जागा खिळवून ठेव, माझं काम होईतो हलवू नकोस. तशी सोय आहे. दोन-चार ओळींचं काम आहे. त्याला ती माहीत नाही असं मी मानणार नाही, तो मला वर्षानुवर्षं शिकवत आलाय.

तो आला. आईसाठी कानाचं यंत्र घेऊन आला, दादा. आईच्या खाटेजवळ जमिनीवर बसून त्याने ते नीट लावून दिलं, आवाज कमी-जास्त करून बघितला, आईला घड्याळाची टिकटिक ऐकवली. आई रडली. मग त्याने माझ्याकडे बघून विचारलं, तुझे डोळे का लाल? मी म्हटलं, कांदा. घरात कांदा नव्हता.

वाईट माणूस असता तर किती सोपं झालं असतं.

मी त्याला काही विचारलं नाही. विचारलं तर तो काहीतरी पटण्यासारखं सांगेल, आणि मला ते पटवून घ्यायचं असेल, हीच भीती. म्हणून आधी प्रेसमध्ये फोन केला आणि मालकीणबाईंना म्हटलं, मी येईपर्यंत मशीन बंद ठेवा. त्या म्हणाल्या, शाळांच्या वह्यांचं काम अंगावर आहे, तुमच्या साहेबांना विचारते. मी म्हटलं, साहेबांना नका विचारू. त्यांनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, “बाई, घरात सगळं ठीक आहे ना?”

मी ठीक आहे म्हटलं. तुलाही पहिल्या पत्रात तेच लिहिलं होतं.

तू बोल रे काहीतरी. कार्डाला हात दिसला होता हे मला बाहेर कुणाला तरी डोळ्यांनी दाखवता आलं पाहिजे. तळ्यातल्या किड्यांवर कोण विश्वास ठेवणार?

छोटी


१ मार्च

दादा,

तुझं पार्सल मिळालं.

चिठ्ठी नाही, खुशाली नाही, खोक्यात नुसतं एक कार्ड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, आणि त्यातून निघालेल्या लांब वायरीच्या टोकाला एक लाल दिवा. तुझं उत्तर असंच असणार होतं. कार्डाला हात दिसला की मेमरीत काही लिहायच्या आधी दिवा लागतो, हे मला जोडून बघितल्यावर कळलं. मी विचारलं होतं त्यापेक्षा सोपं. मी खूश झाले, आईला दाखवलं, आणि मग वायर हातात घेऊन बघत बसले.

वायर जांभळी आहे.

तो रंग तुला एकदा स्वस्तात मिळाला होता, अख्खं भेंडोळं. असला रंग दुसऱ्या कुणाकडे बघितला नाही म्हणून आम्ही तुझी टर उडवायचो. ते भेंडोळं अजून वर्कशॉपच्या खिळ्याला लटकलंय. तू जाताना वायर नेली नव्हतीस, त्या एका पिशवीशिवाय काहीच नेलं नव्हतंस. म्हणजे हा दिवा तू इथेच जोडलास, जायच्या आधी. म्हणजे तो लावून बघून तुला तेव्हाच कळलं होतं की कार्ड बरोबर आहे.

आणि मग मला तू जायच्या आदल्या रात्रीचं जेवण आठवलं. तू काहीतरी वर्तमानपत्रात गुंडाळून आणलं होतंस आणि ताटाशेजारी ठेवलं होतंस. तू तोंड उघडलंस, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाले, आता पुरे, या घरात त्या विषयावर एक शब्द नको, मला तुमच्या दोघांत निवडायला लावू नका. तू ती गुंडाळी उचलून पिशवीत टाकलीस. सकाळी गेलास.

वर्तमानपत्रही तेच आहे का रे? मी तारीख बघितली नाही. हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कार्ड घेऊन प्रेसमध्ये गेले. तिथलं कार्ड काढलं, हे बसवलं, दिवा पात्याशेजारी चिकटवला. काका म्हणाले, हे काय, मशीनला कुंकू लावलंत? मी त्यांना म्हटलं, आज तुम्ही हात लावायचा नाही. त्यांचा जुना हातमोजा कागदाच्या बोळ्यांनी भरला आणि पात्याखाली ठेवला. दिवा लागला. स्क्रीनवर आलं, ‘हात आहे’. पेडल दाबलं, पातं हललं नाही. चांगलं चाललं होतं सगळं.

मग मी बाईंना म्हटलं, आता तुमची चित्रं उघडा. सगळी. एकावर एक. कॉम्प्युटर घरघरायला लागला. मी मोजा काढायची, पेडल दाबायची, परत ठेवायची, परत दाबायची. पुष्कळ वेळ काही झालं नाही. बाई कंटाळल्या. मलाही वाटायला लागलं, की माझंच चुकलं असेल, आणि खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं. घरी जावं, दोन घास खावेत, विसरून जावं.

आणि तेवढ्यात तो दारात आला. बाईंनी त्याला फोन केला होता, त्यांचंही चूक नाही. तो म्हणाला, “तू इथे काय करतेयस? मला विचारायचंस.”

मी म्हटलं, “तू सिस्टिमला दर वेळी विचारतोस तसं?”

त्याचा चेहरा बघून मला सगळं कळलं. काका आणि बाई आमच्याकडे बघत होते, त्यांना काही कळलं नव्हतं. तो हळूच म्हणाला, “घरी बोलू. आणि आता ते होत नाही, मी बंदोबस्त केलाय.” मी मोजा ठेवला आणि पेडल दाबलं.

दिवा लागलेला होता, दादा. लाल, सगळ्यांना दिसत होता. स्क्रीनवर होतं, ‘हात नाही’. पातं खाली आलं आणि मोज्याची बोटं टेबलावरून घरंगळून खाली पडली. आतले कागदाचे बोळे बाहेर आले.

काकांनी वाकून मोज्याची बोटं उचलली, एकेक करून, आणि टेबलावर ओळीने मांडली.

“म्हणजे तुमच्या भावाचं कार्ड बरोबर होतं,” ते मला म्हणाले.

“हो.”

मग ते त्याच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. “साहेब, तुम्ही दवाखान्यात आला होता. माझ्या उशाशी बसला होता. तेव्हा माहीत होतं?”

“नाही. आईशप्पथ नाही. नंतर कळलं.”

“नंतर म्हणजे कधी? मी परत कामावर आलो त्याच्या आधी का नंतर?”

सुधारित आवृत्ती काका रुजू झाले त्याच सकाळी त्यानेच चढवली होती. तेव्हा काका तिथेच उभे होते, मशीन पुसत होते. तो म्हणाला, “जागा खिळवायची तर सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाऊन आतला भाग बदलावा लागला असता. का म्हणून विचारलं असतं प्रत्येकाने. हे चुपचाप करता येत होतं. मला वाटलं, एवढ्याने भागेल.”

“माझ्या हातावर भागवलंत होय,” काका म्हणाले.

मला वाटलं होतं त्याचा राग येईल. आला नाही. त्याची कीव आली आणि लाज वाटली, आणि ते रागापेक्षा वाईट आहे. मी कॉम्प्युटर बंद केला, दोन्ही कार्डं काढून पिशवीत टाकली आणि निघाले.

छोटी


५ मार्च

दादा,

मी आणि आई वर्कशॉपच्या वरच्या खोलीत राहतोय. आईने कानाचं यंत्र काढून डब्यात ठेवलंय. म्हणते, चांगलं आहे, पण नको. तो खाली येतो, कामावर बसतो. गिऱ्हाइकांची यादी काढून तो एकेकाला फोन करतोय, मशीन बंद ठेवा म्हणून सांगतोय. कारणही सांगतोय. मी जिन्यात उभी राहून ऐकते. पहिल्या फोनला त्याला शब्द फुटत नव्हता, आता फुटतो. आमच्या दोघांचं पुढे काय ते मला माहीत नाही. तू विचारू नकोस.

खिळवायच्या त्या दोन-चार ओळी मी लिहिल्या. त्यानेच तपासून दिल्या. एक चूक काढली आणि तीही बरोबर काढली. त्यानंतर आम्ही कार्ड आणि दिवा तात्पुरता जोडून, मोजा ठेवून दिवसभर मशीन छळलं, बाईंनी होती नव्हती ती सगळी चित्रं उघडली, तळंसुद्धा. दिवा आणि स्क्रीन एकदाही भांडले नाहीत. तळ्यात किडा दिसला नाही.

तरीही काका पेडलला पाय लावत नाहीत. मशीनसमोर स्टूल टाकून बसून असतात. काल मी त्यांना सगळं सांगितलं. जेवणाचं सांगितलं, मी काय बोलले ते सांगितलं. दिवा तू जायच्या आधीच जोडला होतास, हेही सांगितलं.

मला वाटलं होतं ते म्हणतील, भाऊ असावा तर असा. बहिणीच्या संसारासाठी आळ अंगावर घेतला, चकार शब्द काढला नाही. मी स्वतःला हेच सांगत होते चार दिवस, आणि रडत होते, आणि रडून बरंही वाटत होतं.

काकांनी दिवा हातात घेतला, उलटसुलट करून बघितला. “छान केलाय,” म्हणाले. “असला दिवा मशीनवर असता तर मी लाल बघून हात काढला असता. प्रोग्राम काय म्हणतो याच्याशी मला काय करायचं होतं?” मग म्हणाले, “मी पुन्हा या मशीनवर उभा राहिलो तेव्हा हा दिवा त्याच्या पिशवीत होता?”

मी हो म्हटलं.

दादा, मला तुझा राग आलाय. इतके दिवस मला वाटत होतं की आपल्या तिघांत तू एकटाच स्वच्छ आहेस. त्याने गिऱ्हाइकांना भिऊन तोंड बंद ठेवलं, मी घर मोडेल म्हणून, आणि तू माझ्यासाठी. तिघांनीही एकमेकांचा विचार केला. पात्याखाली हात घालणाऱ्याचा कोणीच केला नाही.

काकांचा निरोप आहे, त्यांच्याच शब्दांत. “त्याला म्हणावं, दिवा तूच येऊन बसव. आणि बसवताना मला सांग, एवढे दिवस तो पिशवीत कशाला ठेवला होतास. मग मी पेडल दाबीन.”

तर ये. मी बोलावते म्हणून नको, आईसाठीही नको. मशीन बंद आहे आणि काका स्टुलावर बसलेत. जांभळी वायर इथे आहे, तू येताना फक्त सोल्डरिंगची कांडी आण, इथली त्याच्या हातात असते.

छोटी